कळीतच कापलेला ताग

सन्माननीय अध्यक्ष हरिहररावजी, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना आज आपण निरोप देतोय ते आपले मुख्याध्यापक सूर्यभान सर, शिक्षकवृंद, पालक आणि मागच्या रांगेत चुळबुळणाऱ्या विद्यार्थी मित्रांनो,

कॉलेज अर्ध्यात सोडलेल्या माणसाला शाळेत भाषणाला उभं करायची हिंमत सरांचीच. मी किशोर. शाळेची बाग पाहतो.

नवी इमारत झाली तेव्हा मागच्या जागेवरून गिट्टीचे ट्रक फिरले. काळी जमीन, पण कुदळ मारली की खणकन वाजायची. वांगी लावली, वाळून गेली. मग संस्थेने ठरवलं, तिथे सिमेंटचे गट्टू बसवायचे, गाड्या उभ्या करायच्या. अध्यक्षसाहेब, रागावू नका, ठरवलं तुम्हीच होतं! सरांनी एक हंगाम मागून घेतला आणि मला म्हणाले, "ताग पेर."

ताग छातीला लागला. कळ्या दिसू लागल्या तशा बालवाडीच्या प्रणाली मॅडम कुंपणापाशी थांबून म्हणाल्या, "पिवळी फुलं येतील ना?" आता सांगा, यानंतर कोणाचा हात विळ्याकडे जाईल?

दुसऱ्याच दिवशी सर विळे घेऊन हजर. मी आडवा आलो. "सर, उभं हिरवं पीक कापून मातीत गाडता? पेरलं कावून मंग?"

"लेका, फुलू देशीन तर दांडे लाकडावानी होतीन, लवकर सडनार नाही, त्याचं खत होनार नाही, जमीन मऊ पडनार नाही. तुले बाग पायजे का फुलं?"

"दोन्ही!"

"मंग बस गट्टूवर गजरे करत!"

पोरं फिदीफिदी हसली. मी कुदळ फेकून फाटकाबाहेर. वळून पाहतो तर सर एकटेच कापताहेत, आणि प्रणाली मॅडमनी ओढणी खोचून दुसरा विळा उचललेला. मला हाक मारली, "फुलाचं मी सहज म्हटलं होतं जी. या, वाका आता."

मग काय, सगळ्यात जास्त मीच कापलं! बारीक केलं, गाडलं, पाणी दिलं, सडू दिलं. हिवाळ्यात त्याच जागेत हात घातला तर मनगटापर्यंत आत गेला. मेथी अशी आली की वाफा दिसेना.

आज सकाळी अध्यक्षसाहेबांनी तिथली मूठभर माती चोळून पाहिली आणि म्हणाले, "गट्टू रद्द." सर, तुम्ही पाठ फिरवून चष्मा पुसत बसलात. मी तर वाफ्यातच बसकण मारली.

माझा आवाज चढतो, जीभही घसरते. कोणाला लागलं असेल तर मन मोठं करून सोडून द्या. ऐकून घेतलंत, आभारी आहे.

सर, महिनोन्‌महिने जेवणाच्या सुटीत तुम्ही डबा हातात घेऊन तिथेच उभे असायचात, कोणी गट्टू उतरवतंय का म्हणून. आज बसून, सावकाश जेवा. जागा राहिली.