हात थांबवू नको

गोदाबाई: या तसबिरीत भिंत दिसून राहिली, गठाणी दिसून राहिल्या, लिंबाचं झाड दिसून राहिलं. शेठ तक्क्याले टेकून बसला, थोही दिसते. मंग आमी चाळीस बाया कुठी गेलो?

तोकुजी: काच उचलू नका, गोदाबाई. काळ्या घोंगडीवरच ठेवा. वर धरली की उलटं दिसतं.

गोदाबाई: घोंगडीवर ठेवूनच पाहून राहिली. चाळीस रेचे कापसातून सरकी काढत होते त्या दिवशी. मोर्ना नदीपलीकडे, जुन्या शहरापावतो करकर ऐकू जाये. तसबिरीत रेचे हायेत, मांगं बसलेली एकही बाई नाही. खरं सांग तोकुजी, तुया पेटीनं आमाले वगळलं काहून?

तोकुजी: तुम्ही हलत होता. ही पेटी हळू बघते. मी बारा मोजेपर्यंत जो थांबतो, तो काचेवर येतो. हात चालला, मान हलली, की माणूस पुसला जातो. भिंत थांबते. शेठ थांबतो.

गोदाबाई: शेठचं काय घेऊन बसला. थो वर्षभर थांबूनच हाय.

तोकुजी: तुम्ही कोणाला शोधता?

गोदाबाई: माह्या सुनेले. सुभद्रेले. तिसरा रेचा तिचा.

तोकुजी: ती आज आली नाही.

गोदाबाई: कुठून येईन? शिवरातीच्या आठ दिवस आधी पटकीनं गेली. सकाळी उलट्या लागल्या, दिवेलागणीच्या आत सारं संपलं. तू ही तसबीर संक्रांतीले काढली, तवा होती ना जित्ती. म्हणून आली मी. तिचा नत्थू सहा महिन्याचा हाय. उद्या इचारंन, माही माय कशी होती, तर मी त्याले काय दाखवू?

तोकुजी: थांबा. तिसरा रेचा. हे पाहा, लाकडाच्या मागं. हा पांढरा धूर.

गोदाबाई: हा?

तोकुजी: ही सुभद्रा.

गोदाबाई: तोंड नाही इले.

तोकुजी: नाही.

गोदाबाई: तुले एक सांगतो, आजवर कोणाले बोलली नाही मी. तू पेटी मांडली, तवा ते थांबली होती. हात मांडीवर ठेवून टकमक पाहून राहिली होती तुयाकडे. मीच खेकसली. म्हटलं, हात थांबवू नको, गावात काय तमाशा आला का? मंग लागली बिचारी रेचा फिरवाले. तीन वर्सं माह्या घरात राह्यली, तिले मी धड गोड बोलली नाही. अन् ऐन वक्ताले हे बोलली.

तोकुजी: तुम्हाला माहीत नव्हतं.

गोदाबाई: तवा नव्हतं, आता हाय. दुसरी काढ.

तोकुजी: दुसरी?

गोदाबाई: आमची. साऱ्या बायाईची. बारा मोज नाही तर शंभर मोज, आमी थांबतो. होळी झाली का वाफेचं यंत्र येऊन राहिलं इथी. मंग आमचे रेचे चुलीत जातीन, अन् इथी बाया होत्या हे कोणी मानणारही नाही.

तोकुजी: कोरी काच एकच आहे. ती कापूस घेणाऱ्या गोऱ्या साहेबाची. उद्या तो गठाणींवर पाय ठेवून उभा राहणार. तसा हुकूम आहे.

गोदाबाई: मंग हेच घास. घासली का कोरी होते, तूच म्हणे. भिंत अन् शेठ, काय करा लागते त्याईचं.

तोकुजी: आणि सुभद्रा?

गोदाबाई: धुराले कोण ओळखते?

तोकुजी: आता तुम्ही ओळखता. ऐका, बाई. मी जपानचा. चीनच्याही पलीकडे आहे माझा मुलूख. तांदळाच्या नावेवर होतो. वादळ आलं, नाव वाहून गेली. चौदा माणसं, पाच महिने पाण्यावर. परक्या जहाजानं उचललं तेव्हा आम्ही तिघं होतो.

गोदाबाई: अरे माया देवा. मंग घरी नाही गेला?

तोकुजी: आमच्याकडे कायदा आहे. मुलूख सोडला, तो परत आला तर मान कापतात. चीनच्या बंदरात एका गोऱ्या तसबीरवाल्याकडे राहिलो. सात वर्षं त्याच्या काचा धुतल्या. धुता धुता शिकलो.

गोदाबाई: माय?

तोकुजी: होती. आता माहीत नाही. ते अकरा जण गेले ना, त्यातल्या चौघांचे चेहरे मला आठवत नाहीत. एका भांड्यातून जेवलो होतो आम्ही. रोज आठवून बघतो, येत नाहीत. मला त्याची लाज वाटते. म्हणून मुंबईला आलो तेव्हा ठरवलं, राबणारी माणसं काढायची. गोदीतले हमाल काढले, उन्हात, ओझ्यासकट. ज्याच्याकडे कामाला होतो, त्या मालकानं त्या सगळ्या काचा घासल्या आणि बंगल्याच्या खिडक्यांना लावल्या. त्या दिवशी ही पेटी घेऊन मी निघालो. तेव्हापासून मी काच घासत नाही.

गोदाबाई: मंग कसं करतं?

तोकुजी: साहेबाची काच घेतो.

गोदाबाई: थो हाकलून देईन तुले.

तोकुजी: देईल. अमरावतीला जाईन. जव्हार दरवाजाबाहेर बायका कापूस निवडतात, त्यांची तसबीर कोणी काढलेली नाही. ही धुराची काच तुम्ही ठेवा, नत्थूसाठी. नवी माझ्याबरोबर येईल.

चंद्रभान: काय चालू हाय इथी? गोदाबाई, तुमचा रेचा थंडा पडला. मुकादम मी हाय का तुमी?

गोदाबाई: तुमीच हा, चंद्रभानजी. म्हणून तर तुमाले सांगून राहिली. सारे रेचे थांबवा लागतीन. थो बारा मोजेपावतो.

चंद्रभान: डोकं फिरलं का? दर्यापूरच्या बैलबंड्या फाटकापासून नदीपावतो उभ्या हायेत. मेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस बंद, सारी दुनिया आपल्या वऱ्हाडाकडे डोळे लावून बसली, अन् तुमाले तसबीर सुचून राहिली?

गोदाबाई: तुमची तमाखू मळून व्हाले याच्या दुप्पट वेळ लागते.

चंद्रभान: साहेबाले समजलं तर?

तोकुजी: माझं नाव सांगा.

चंद्रभान: तू पेटी उचलून चालला जाशीन बावा. मी कुठी जाऊ?

गोदाबाई: हे पाहा. तुमी नाही म्हटलं तरी मी थांबीन. मी थांबली का पार्बता थांबंन, पार्बता थांबली का शकुन. साऱ्याईवर एका बारीले किती खेकसान? त्याच्यापेक्षा तुमीच आवाज द्या, थांबा म्हणून. मुकादमाचा मान राह्यते.

चंद्रभान: बाराच ना?

तोकुजी: बाराच.

चंद्रभान: अन् मी कुठी उभा राहू?

तोकुजी: रोज राहता तिथंच. फक्त मिशीला हात लावू नका.

चंद्रभान: काहून?

गोदाबाई: धूर होसान.

चंद्रभान: थांबा, फेटा नीट करू द्या. अन् गोदाबाई, थो तिसरा रेचा रिकामा हाय. शकुनले तिथी सरकवा. दात पडल्यावानी दिसते ते.

गोदाबाई: तिथी कोणी बसाचं नाही.

चंद्रभान: अवो, पण साऱ्या रांगेत...

गोदाबाई: म्हटलं ना, चंद्रभानजी. कोणी बसाचं नाही.

तोकुजी: मी काच ओली केली आहे. वाळली की फुकट गेली. आवाज द्या, मुकादम.

चंद्रभान: ऐका वो बायाहो. हात थांबवा. मी सांगेपावतो कोणी हालाचं नाही.

(रेच्यांची करकर एकदम बंद पडते. फाटकाबाहेरच्या बैलांच्या घंटा ऐकू येतात. तोकुजी आपल्या भाषेत बारा मोजतो, काच घेऊन काळ्या तंबूत शिरतो आणि थोड्या वेळानं बाहेर येतो.)

तोकुजी: बोट लावू नका. अजून पाणी गळतं आहे.

गोदाबाई: इकडे धर, माह्या लुगड्यावर. काळंच हाय.

चंद्रभान: सरका जरा. हा मी. मिशा साफ आल्या. हे पार्बता, हे शकुन. अवो, शकुनच्या नाकातली फुलीही दिसते.

गोदाबाई: अन् हे कोण म्हातारी?

तोकुजी: तुम्ही.

गोदाबाई: हो का. असू दे. म्हातारी तर म्हातारी, आली तर खरी.

चंद्रभान: पाहा, मी सांगून राहिलो होतो. साऱ्या बाया आल्या, अन् तिसऱ्या रेच्यावर कोणीच नाही.

गोदाबाई: हाय ना. सुभद्रा हाय. आमी थांबलो, तिचा हात चालू हाय.