रिकाम्या जहाजाचं माप

कालव्याच्या कचेरीत निवृत्त कप्तान बायकोसह खिडकीशी पोचले, तसे रांगेत मागे उभ्या नर्सरीवाल्या बाईंनी कान टवकारले.

"बागेला किती पाणी हवंय?" कारकुनाने विचारलं.

"दोन जहाजं."

"आजोबा, इथे एकर-फुटात सांगायचं."

"तेच सांगतोय. एकरभर जमिनीवर फूटभर पाणी म्हणजे माझ्या जहाजाचं पोट. चारशे पस्तीस टन."

"अहो, सरळ सांगा ना, लिंबाची झाडं वाळताहेत!" बायको म्हणाली.

"थांब गं."

"एवढं वजन, आजोबा?"

"वजन कसलं! जहाजाचा टन म्हणजे शंभर घनफूट जागा."

"म्हणजे जहाज रिकामं असलं तरी चारशे पस्तीसच?" मागून नर्सरीवाल्या बाईंनी विचारलं.

"अर्थात!"

"मग प्रश्नच मिटला," कारकून म्हणाला. " कालवाही रिकामाच आहे. दोन जहाजं मंजूर!"

"ऐकलंत?" कप्तानांची बायको म्हणाली. "चला घरी, आता झाडांना जागा पाजा."