त्याले दूर उभं करा

—नाई हो बाई, बेल्लमपल्लीची बस लागली नाई अजून. लागली की मीच सांगन माईकवर, हा रामाजी नुसत्या नोंदी ठेवतो. हो, तो आवाज माझाच! आवडला? मंग गंमत आयका – हा मारोती लहानपनी तोतरा होता. तोतरा मंजे कसा? सोताचं नाव सांगाले घंटाभर लागे. मी मा-मा-मा करो अन् पोरं हसून लोळत. आमी सीमेवरच्या जैनथकडचे, घरी मराठी, शाळा तेलगू – मंग तं मी बोलनंच सोडलं. अन् शाळा काऊन नाई सोडली? राजलिंगम सारामुळं. तेलगू शिकवत, पन आमच्याशी मोडकंतोडकं मराठी बोलत. एक दिवस ते सायकलवर आमच्या वावराजवळून चालले होते, अन् मी मचानावरून ज्वारीतले पाखरं हाकलून राह्यलो होतो – "हाऽऽ! बाबा, भाकर आनाऽऽ!" सारानं सायकल थांबवली. पोराचं एक अक्षर अडकलं नाई! दुसऱ्या दिवशी मले वर्गाबाहेर काढलं. वाटलं, झालं, नाव कटलं. तं मैदानापल्याड लिंबाखाली उभं केलं, हजेरीचं रजिस्टर हाती देलं – "तितून हाक मार." साठ नावं, रोज! दर महिन्याले दोन-चार पावलं जवळ बोलवत. साल संपता संपता वर्गाच्या दारात आलो.

अन् ही नौकरी? तेबी त्याइचंच काम. एकोननव्वदमंधी ह्या स्टँडवर मराठी, तेलगू, हिंदी – तीन भाषा बोलनारा मानूस पायजे होता. सार मले घेऊन आले. साहेबानं नाव इचारलं – अन् पुना मा-मा-मा! साहेब पेन ठेवून हसाले लागला. सार मनले, "साहेब, त्याले दूर उभं करा." फलाटाच्या टोकाले गेलो अन् देली हाक – "निर्मल, निजामाबादऽऽ!" काय सांगू बाई, पन्नास मानसं गठुडे घेऊन रिकाम्या बसमंधी चढले! डायवर तिकडं चहा पिऊन राह्यला होता. लोकाइले उतरवता उतरवता साहेबच घामाघूम. मने, "उद्यापासून ये."

आभार? नाई मानले. नौकरी लागून सहा वर्षं झाले. तुमच्यासारख्या वाटसरूले सगळं सांगतो, त्याइले नाई. सार येतात, "कसा हायेस" मनतात, मी मान हालवतो. काऊन मंजे? सगळ्याइसमोर बोलतो मी, फक्त त्याइच्यासमोर तोंड उघडलं का – मा-मा-मा. त्याइले वाटन ना, आपली मेहनत वाया गेली. मनून गप.

ते पाहा, पेटीवर बसलेले, छत्रीवाले. तेच. इथलं बिऱ्हाड मोडलं, पोरीकडं चालले कायमचे. तुमच्याच गाडीनं. मी सकाळपासून ह्या चौकशीच्या खिडकीतून – राहू द्या. आली पाहा गाडी. बाई, त्याइले खिडकीपाशी बसवा. अन् सांगा, मारोती मनत होता का – काय सांगान? नाई, नका सांगू. सरका जरा, दार उघडू द्या. पेटी जड हाय त्याइची. अडखळलो तं अडखळलो. रामाजी, तू सांग रे माईकवर – मी चाललो!