आदल्या दिवशी काय खाऊ?

दवाखान्याच्या बाकावर शिंपीणबाई नंबराची वाट बघत होत्या. शेजारी एक निवृत्त बसचालक आणि त्यांची लेक येऊन बसली. ऐकायचं नाही म्हटलं, तरी कान काही मिटता येत नाहीत.

“बाबा, डॉक्टरांना सगळं खरं सांगायचं हं.”

“सांगतो की. पोट फुगतं, मुरडा येतो, मग पळापळ.”

“आणि कोंड्याचं?”

“तूच म्हणालीस, चोथा खा. म्हणून रोज वाटीभर कोंडा, वर कच्चं गाजर.”

“वाटीभर? अहो, मी चमचाभर म्हटलं होतं! आणि त्रास वाढला तर बंद करायचा.”

“तू एवढ्या लांबून पाठवलेला. टाकवेना गं.”

“म्हणून माझ्या घरी येत नाही का तुम्ही? मला वाटलं, मी नोकरीसाठी घर सोडलं म्हणून रागावलात.”

“वेडी का काय! दिवसभराचा प्रवास तो. वाटेत पोटानं दगा दिला तर? जन्मभर गाडी हाकली, आता मीच ‘थांबवा, थांबवा’ म्हणून ओरडू?”

“मग बोलायचं ना! मी तिकडे रडून रडून उशी भिजवतेय.”

“लाज वाटते.”

“मला गाडी लागायची तेव्हा तुम्ही भरलेली बस थांबवायचात. तेव्हा नाही वाटली?”

“तेव्हा कसली लाज? लेकरू होतीस तू.”

“मग आता तुम्ही माझं लेकरू.”

आतून बसचालकांचा नंबर पुकारला. शिंपीणबाईंनी वाट द्यायला पाय आखडले.

“चल. आधी एकच विचारतो डॉक्टरांना.”

“काय?”

“लेकीकडे जायचं असलं, तर आदल्या दिवशी काय खाऊ?”