रेघेबाहेरची आमराई

(येलदरीजवळची वनचौकी, १९८७. टेबलावर जंगलाचा नकाशा, त्यावर राखीव हद्दीची रेघ. वनाधिकारी दिनकरराव, वानरांचा अभ्यास करणारे प्राध्यापक बन्सीधर आणि गायरान कसणारी पंचफुला.)

दिनकरराव : सरांचीच शिफारस आहे, बाई. वानरं राहतात तेवढं जंगल राखायचं. तुमचं गायरान त्यात येतं. सोडावं लागेल.

पंचफुला : वानरांपायी?

दिनकरराव : इथल्या जनावरांत सगळ्यात जास्त अभ्यास त्यांचाच झालाय. ती जिथं टिकतात तिथं मोठी झाडं टिकतात, झाडांवरची पाखरं टिकतात. म्हणून आखणी त्यांच्यावरून. सांगा की, सर.

बन्सीधर : हो. तसं लिहिलंय मी.

पंचफुला : नामांतराच्या दंगलीत आमचं घर जाळलं. गाव सोडून ह्या माळावर आलो, दगड येचून रान केलं. सावलीला झाड न्हाई तिथं. सर, वानरं माळावर राहायलेत का?

बन्सीधर : येतात. हरभऱ्यावर.

पंचफुला : येतेत ते आमाला बी दिसतंय. राहतेत कुठं?

दिनकरराव : बाई, सरांना उलटे प्रश्न...

बन्सीधर : विचारू द्या. गावातल्या बागायतदार आबासाहेबांच्या आमराईत राहतात. रात्री झोपायला तिथंच. उन्हाळ्यात तर दिवसभर हलत नाहीत.

दिनकरराव : आमराई रेघेबाहेर आहे.

बन्सीधर : मीच ठेवली.

दिनकरराव : आणि गायरान आत?

बन्सीधर : आमराईची जागा भरून काढायला. आबासाहेबांना यंदा झाडं तोडून विकायचीत. मी त्यांच्याकडंच उतरतो ना. पानावर बसलो होतो. म्हणाले, ‘आमची बाग तेवढी सोडा, प्राध्यापक.’ तूप वाढता वाढता म्हणाले. माझ्यानं नाही म्हणवलं नाही.

पंचफुला : माझ्या घरी बी जेवलात की तुमी.

बन्सीधर : जेवलो. पिठलं-भाकर.

पंचफुला : तवा मी काई मागितलं न्हवतं.

दिनकरराव : सर, पाणी घ्या.

बन्सीधर : नको. दिनकरराव, ती रेघ खोडा. आमराई आत घ्या, माळ बाहेर. का चुकली ते मी माझ्या सहीनिशी लिहून देतो.

दिनकरराव : जेवणाचंही लिहिणार?

बन्सीधर : तेच तर लिहायचंय.

दिनकरराव : आबासाहेब मग दारात उभं करणार नाहीत. वानरांचं काम अजून बाकी आहे तुमचं. उतरणार कुठं?

बन्सीधर : पंचफुलाबाई, तुमच्याकडं जर...

पंचफुला : आज नका विचारू, सर. मला बी न्हाई म्हणवत न्हाई.