विंग्सची प्लेट

एक प्लेट विंग्स आणि दोन बिअर एवढ्यात भाटघरच्या गेनबाची पोरगी राजनंदिनी मिळाली, तर स्वरूपच्या दृष्टीनं सौदा फायद्याचा होता. भोरच्या एका परमिट रूममध्ये तो गेनबाला घेऊन बसला होता, आणि तिथं चिकन पुरवणारा अय्युब काउंटरपाशी उभा राहून दोघांचं ऐकत होता.

"घ्या की मामा, विंग्स हायेत."

"ह्ये तर पंख! मला सासरा करायला निघालायस, आन् पंख चारतोस व्हय?"

"पुण्यात लई खपतंय. चाखा तरी."

"नुसती हाडं. मसाला बरा हाय म्हणा."

"मग राजीचं काय, मामा?"

"खाताना घाई करू नगं. ओ वेटर, एक तंगडी आणा."

"मागवा की, काय पायजे ते."

"आली बघ. हां, ताट फुडं कर."

"मला? तुमी खावा की."

"अरं, तंगडी जावयाला वाढत्यात. येवढंबी ठावं न्हाई?"

स्वरूपनं तंगडी संपवली. बिल आलं तसा त्याचा हात खिशात गेला.

"काढ तो हात. जावयानं पैसं दिलं म्हटल्यावर राजीची आई मला घरात घील व्हय?"

विंग्स, बिअर, तंगडी, सगळ्याचे पैसे गेनबानं दिले; वर पोरगीही त्याचीच गेली.