सकाळचा अर्धा कप

सिस्टर : ...आणि ही कवळी या डबीत ठेवली, डबीवर तुमचं नाव टाकलंय. आता परत एकदा सांगा, ऑपरेशन कसलं आहे?

बाई : पित्ताशय काढायचंय, दुर्बिणीतून. सकाळपासून चौथ्यांदा सांगतेय.

सिस्टर : विचारावंच लागतं, आजी.

बाई : विचारायलाच हवं. पण आजी नको म्हणूस. लग्नाचाच पत्ता नाही, नातवंडं कुठून आणू?

सिस्टर : बरं, मावशी. अंगठी, बांगडी, नखांना रंग?

बाई : काही नाही. बोटाला चिमटा लावल्यावर ऑक्सिजनचा आकडा नीट यायला नको?

सिस्टर : तुम्हाला बरंच माहीत आहे.

बाई : एकतीस वर्षं हेच केलं. ऑपरेशनला न्यायच्या आधी पेशंटची सगळी तयारी माझ्याकडे असायची. तुझ्या हातातला कागद आहे ना, तसलाच. आमचा पिवळा होता.

सिस्टर : म्हणजे तुम्ही आमच्यातल्याच की. आधी का नाही बोललात?

बाई : बोललं की तुम्ही अर्धे प्रश्न गाळता. ‘त्यांना काय विचारायचं, त्यांना माहीत असतं सगळं.’ आपल्या माणसाच्या बाबतीतच जास्त चुका होतात.

सिस्टर : मी एकही गाळणार नाही. बरोबर कोण आलंय?

बाई : भाचा. खाली गाडी लावतोय.

सिस्टर : सातला भरती झालात तेव्हाही गाडीच लावत होता. आता साडेआठ झाले.

बाई : जागा मिळत नसेल.

सिस्टर : मावशी...

बाई : नाही कुणी. भाचा आहे, पण दूरदेशी. त्याला कळवलं नाही. उगाच त्याच्या जिवाला घोर. आणि सही माझी मीच केलीय, चांगली शुद्धीत आहे.

सिस्टर : घरी सोडताना कुणीतरी लागेल. ते बघू नंतर. रात्री बारानंतर काही खाल्लं-प्यायलंत?

बाई : नाही.

सिस्टर : पाण्याचा घोट?

बाई : नाही म्हटलं ना.

सिस्टर : ठीक. मग मी इथं सही करते आणि स्ट्रेचर मागवते.

बाई : थांब. सही करू नकोस.

सिस्टर : का? काय झालं?

बाई : चहा घेतला. साडेसहाला. दुधाचा, अर्धा कप.

सिस्टर : तुम्ही?

बाई : मीच. घोटभर दुधासाठी ऑपरेशनच्या दारातून माणसं परत पाठवली मी. एकाची बायको भांडायला आली, तर तिला फैलावर घेतलं होतं. म्हटलं, भुलेत उलटी होऊन छातीत गेली, तर नवरा परत मिळायचा नाही.

सिस्टर : मग का हो घेतलात?

बाई : समोर नवी माणसं राहायला आलीत. मी कुलूप लावत होते, तर तिथली बाई दारात आली. म्हणाली, एवढ्या सकाळी कुठे? या ना, चहा टाकलाच आहे.

सिस्टर : सांगायचं, ऑपरेशन आहे म्हणून.

बाई : तर तिनं विचारलं असतं, बरोबर कोण? मला बसायचं होतं गं तिच्याकडे. तीन वर्षं झाली, कुणाच्या स्वयंपाकघरात मी बसले नाहीये. कप पुढे आला आणि मला नाही म्हणवेना. अर्धाच द्या म्हटलं. अक्कल गहाण ठेवली, तीही अर्धीच.

सिस्टर : भुलेच्या डॉक्टरांना सांगावं लागेल.

बाई : सांग. रागावतील, रागावू दे.

(सिस्टर बाहेर जाऊन फोन करून येते.)

सिस्टर : दुधाचे सहा तास धरायचे म्हणाल्या. पहिला नंबर होता, आता शेवटचा. एकच्या सुमाराला नेऊ. रागावल्या, पण तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत म्हणाल्या.

बाई : झालं तर मग.

सिस्टर : एक विचारू? गप्प राहिला असतात तर मला कळलंही नसतं.

बाई : माझं एकटीचं असतं तर राहिलेही असते. पण कागदावर सही तुझी असती. काही झालं असतं, तर तू जन्मभर तो कागद आठवत बसली असतीस.

सिस्टर : असं नका बोलू.

बाई : खरं ते सांगितलं.

सिस्टर : समोरच्या ताईंना फोन करू का? नंबर आहे?

बाई : नंबर कुठला, नावही विचारलं नाही. आणि काय सांगशील, तुमच्या चहानं ऑपरेशन लांबलं म्हणून?

सिस्टर : हसता काय? ऑपरेशन झालं की आम्ही दार उघडून बाहेर सांगतो. तुमचं कुणाला सांगू?

बाई : मीही सांगायचे. झालं हो, बरे आहेत. सगळे एकदम उठून उभे राहायचे.

सिस्टर : सांगा ना, कुणाला सांगू?

बाई : मलाच सांग. जाग आली की.